उर्दू आत्मचरित्रातली लांबच लांब वाक्यं मराठीत आणताना तोडायची की तशीच ठेवायची?

शेवंती

नमस्कार. मदत हवीये, आणि इथे उर्दू वाचणारे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारते.

माझ्या आजोबांचं हायस्कूल निजामाच्या राज्यात झालं, म्हणजे शिक्षण उर्दूतून, आणि नंतर तहसील कचेरीतली नोकरी तीही उर्दूतूनच. घरी अस्सल नांदेडी मराठी बोलायचे पण कागदावर पेन टेकवलं की उर्दू, अगदी किराण्याची यादीसुद्धा. म्हातारपणी त्यांनी एका जाड वहीत स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात. आमच्यापैकी कुणालाच ती लिपी येत नाही त्यामुळे वही नुसती कपाटात होती. आता एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून ती पूर्ण देवनागरीत उतरवून घेतलीये आणि मी मराठीत आणायला सुरुवात केलीये, आईला वाचायचीये म्हणून.

अडचण वाक्यांची आहे. एकेक वाक्य अर्धं पान. मधे पूर्णविराम नाही, और, कि, मगर, गरज (म्हणजे थोडक्यात) असं करत करत चाललेलं, मधेच एखादा शेर येतो आणि शेर संपला की तेच वाक्य पुढे सुरू. आणि "मैं" जवळजवळ नाहीच, सगळीकडे "हम". त्यातल्या त्यात छोटा नमुना देते:

"उन दिनों बारिश का ये आलम था कि नदी पार के लोग आठ-आठ रोज इधर न आ सकते थे और वालिद साहब, कि मिजाज के सख्त मगर दिल के निहायत नर्म थे, रोज शाम घाट पर जा कर खडे होते, आवाज देते, जवाब न आता तो लौट आते, गरज इसी तरह वो सावन गुजरा और हम पर ये खुला कि डर किसे कहते हैं."

मी हे चार वाक्यांत तोडून पाहिलं. समजायला सोपं झालं पण त्यात आजोबा उरले नाहीत, पंचनामा वाचल्यासारखं वाटतं. न तोडता ठेवलं तर मुलगी म्हणते वाचताना दम लागतो. तर मला विचारायचंय की ही आजोबांची स्वतःची सवय आहे का उर्दूत आत्मचरित्रं लिहायची पद्धतच अशी आहे? आणि मराठीत काय करावं?

गोदाकाठ

शेवंतीताई, आधी हे सांगतो की वाक्य फार सुंदर आहे. औरंगाबादला बरीच वर्षं उर्दू शिकवलीये त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

उर्दू गद्यात लांब वाक्य एकाच वाटेनं आलेलं नाही. पहिली वाट दास्तानची, म्हणजे तोंडी गोष्ट सांगण्याची. जहीर देहलवींची ‘दास्तान-ए-गदर’ मिळाली तर बघा. बहादुरशाह जफरच्या दरबारातला माणूस, 1857 मध्ये दिल्ली सोडून पळावं लागलं, शेवटची वर्षं हैदराबादेत काढली आणि 1911 मध्ये तिथेच वारले. त्यांचं वाक्य "कि" आणि "और" वर चालतं, एक प्रसंग संपला की "गरज" नाहीतर "अलकिस्सा" म्हणायचं आणि पुढचा उचलायचा. जुन्या उर्दू हस्तलिखितांत आणि शिळाप्रेसच्या पुस्तकांत विरामचिन्हं नसल्यात जमा असायची, म्हणून हे गरज, अलकिस्सा, खैर वगैरे शब्द पूर्णविरामाचं काम करायचे. वाचणाऱ्याचा कान तिथे थांबायचा. तुमच्या नमुन्यात "गरज" नेमका त्याच जागी आलाय बघा, सगळं सांगून झाल्यावर, निष्कर्षाच्या आधी.

दुसरी वाट इन्शाची, म्हणजे फारसी वळणाचं कमावलेलं गद्य. समानार्थी शब्दांच्या जोड्या, इजाफतीची (शब्दाला शब्द ‘-ए-’नं जोडण्याची) साखळी, कधी कधी वाक्याच्या शेवटी यमकंसुद्धा. लखनौच्या रजब अली बेग सुरूरांचं ‘फसाना-ए-अजायब’ हा त्याचा कळस, आणि त्याच्या बरोब्बर उलट टोकाला मीर अम्मनची ‘बाग-ओ-बहार’, दिल्लीत लोक बोलतात तशी. पुढे गालिबच्या पत्रांनी तराजू बोलल्यासारख्या गद्याकडे झुकवला, ‘ऊद-ए-हिंदी’ 1868 ची आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ 1869 ची. गालिबनं स्वतःच एका पत्रात अभिमानानं म्हटलंय की मी पत्राला संभाषण करून टाकलं. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी आपबीती लिहिली त्यांच्यासमोर हे सगळे नमुने होते, कुणी कुठला उचलला हे वाक्याच्या सांध्यावरून कळतं.

आणि तिसरी वाट, जी तुमच्या आजोबांच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते, ती कचेरीची. हैदराबाद संस्थानात 1880 च्या दशकात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली आणि पुढे साठेक वर्षं अर्ज, जबान्या, निकाल सगळं उर्दूत. कचेरीच्या उर्दूत एक आख्खी हकीकत एकाच वाक्यात बसवायची पद्धत होती, "चुनांचे", "लिहाजा", "बाद अजां", "मजकूर" (म्हणजे वर सांगितलेला) असे टाके घालत घालत. मराठवाड्यात अजून पोलीस स्टेशनच्या कागदात "मजकूर इसम" असतोच की. वहीत असे शब्द ज्या पानांवर जास्त येतात ती पानं बहुतेक नोकरीच्या आठवणींची असतील, आणि तिथलं लांब वाक्य आणि घाटावरचं लांब वाक्य एकसारखं नाही. घाटावरच्या वाक्यात आवाज आहे, तिथे हात लावू नका. कचेरीवाल्या वाक्यात फक्त सवय असेल तर तोडलं तरी काही जात नाही.

अजून एक, संवाद कसे लिहिलेत ते बघा. चांगल्या घरातल्या उर्दूत वडीलधारे "फरमाते हैं" आणि लिहिणारा स्वतः "अर्ज करता है". "म्हणणे" हे क्रियापद बदललं की कोण वर कोण खाली हे कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. आत्मचरित्रात तर लेखक स्वतःला कुठे बसवतोय ते यातून फार स्पष्ट दिसतं. मराठीत आपण सगळ्यांना "म्हणाले" करतो आणि तो दर्जा पार सपाट होतो. बखरीत "आज्ञा केली", "विनंती केली" होतं तसं काही अधूनमधून वापरता आलं तर वापरा.

लोकलडायरी

गोदाकाठ सरांच्या प्रतिसादाला +१ पण एक गोष्ट ठासून सांगायचीये. "उर्दू म्हणजे लांब नक्षीदार वाक्य" असा समज कृपया कुणी करून घेऊ नका, विसाव्या शतकातली कितीतरी चांगली उर्दू आत्मचरित्रं नेमकी याच्या विरुद्ध आहेत आणि त्यातली दोन तर आमच्या मुंबईत लिहिली गेली.

इस्मत चुगताईंचं ‘कागजी है पैरहन’ घ्या. 1979-80 च्या सुमारास ‘आजकल’ मासिकात प्रकरणं येत गेली, पुस्तक निघालं त्या गेल्यानंतर, म्हणजे 1991 नंतर. वाक्यं तुटक, अर्धी सोडलेली, घरातल्या बायका एकमेकींशी बोलतात तशी. प्रकरणं कालक्रमानंही नाहीत, आज लहानपण उद्या कॉलेज परवा परत लहानपण. जिथे दुसरा एखादा लेखक वडिलांच्या स्वभावाचं पानभर वर्णन करेल तिथे इस्मत सरळ भांडण लिहितात, कोण काय बोललं आणि त्यावर कोण काय बोललं, बस. स्वभाव आपोआप कळतो. वाक्याला कर्ताच नाही असंही होतं कारण बोलताना आपणही कर्ता खातो. आणि हे काही त्यांनी हवेतून आणलेलं नाही, जनानखान्यातली बेगमाती जबान म्हणून उर्दूत एक वेगळी धार कायम होती, पतौडीच्या शहरबानो बेगमांची ‘बीती कहानी’ तर एकोणिसाव्या शतकातली आहे.

दुसरे अख्तर-उल-ईमान, ‘वक्त’ सिनेमाचे संवाद ज्यांनी लिहिले ते. ‘इस आबाद खराबे में’ 1996 मध्ये आलं, त्याच वर्षी ते गेले. लहानपण अत्यंत गरिबीत, दिल्लीला अनाथ मुलांच्या शाळेत वाढले. इतका मोठा कवी पण गद्यात एक दागिना नाही. काय झालं ते सांगायचं आणि पुढच्या गोष्टीकडे जायचं, स्वतःची कीव कुठेही नाही. मला तर ते वाचताना सगळ्यात जास्त भरून येतं, कारण लेखक रडत नाहीये.

आता याच्या शेजारी जोश मलिहाबादींचं ‘यादों की बरात’ (1970, कराची) ठेवा. एकेका माणसाचं वर्णन करताना विशेषणांची रांग लागते, एका शब्दानं भागत असेल तिथे जोश पाच वापरतात आणि पाचही वेगळ्या वजनाचे. लोक म्हणतात शब्दांचा सोस. मला तसं वाटत नाही, मलिहाबादच्या त्या जहागीरदार घरात ज्या प्रमाणात सगळं होतं त्याच प्रमाणात वाक्यात शब्द आहेत, आणि हे सगळं ते मलिहाबाद कायमचं सोडून कराचीत बसून लिहिताहेत हे विसरायचं नाही. गंमत म्हणजे जोश आणि अख्तर-उल-ईमान दोघंही 1940 च्या दशकात पुण्यात शालिमार पिक्चर्समध्ये नोकरीला होते. तोच काळ, तोच धंदा, तीच भाषा आणि वाक्य बघा किती लांब एकमेकांपासून.

आणि सर, कचेरीच्या मुद्द्याला एक अपवाद. कुदरतुल्ला शहाब आयसीएस अधिकारी, जन्म फायलींत गेला, पण ‘शहाबनामा’ (1987) वाचताना फाईल कुठेही आठवत नाही, सरळ गोष्ट सांगितल्यासारखं आहे. तेव्हा आजोबा कचेरीत होते म्हणून वाक्य कचेरीचंच असं धरून चालू नका ताई.

किल्लामैदान

नगरचा आहे त्यामुळे मौलाना आझादांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘गुबार-ए-खातिर’ आमच्या किल्ल्यात लिहिलं गेलं. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना थेट रेल्वेनं इकडे आणलं. नेहरूंनी त्यांचं भारतावरचं पुस्तक इथेच लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं, आझादांचं हे पुस्तक मात्र नगरमध्येसुद्धा फार कमी लोकांना माहितीये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रूढ अर्थानं ते आत्मचरित्र नाही, मित्राला लिहिलेली पत्रं आहेत, नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानींना, आणि तुरुंगातून ती पाठवता येणार नव्हतीच, सुटका झाल्यावर 1946 मध्ये पुस्तक निघालं. पण स्वतःबद्दल आझाद जितकं तिथे बोलतात तितकं फार कमी ठिकाणी बोलले असतील. पहाटे उठून स्वतःच्या हातानं चहा करणं, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग दोस्ती.

शेवंतीताईंनी वाक्याच्या मधे शेर येतो असं लिहिलंय त्यासाठी हे पुस्तक बघायलाच पाहिजे. आझादांच्या वाक्यात शेर शोभेला लावलेला नसतो, तो वाक्याचा भाग असतो. म्हणजे अर्ध्या वाक्यापर्यंत ते स्वतःच्या शब्दांत येतात, पुढची पायरी फारसी किंवा उर्दू शेराची, आणि मग त्याच्या खांद्यावरून पुढे. शेर काढला तर वाक्य मोडतं, विचारच अपुरा राहतो. माझ्या मते याचं कारण स्वभावात आहे. स्वतःच्या मनातलं सरळ "मला असं असं वाटलं" म्हणणं त्या पिढीच्या लोकांना जड जायचं, तिथे हाफिज किंवा गालिब त्यांच्या वतीनं बोलतो. म्हणून वहीत शेर कुठे येतात ते बघा, मला खात्री आहे की जिथे आजोबांना स्वतःच्या तोंडानं बोलायला जड गेलं तिथे येत असतील.

एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्याला त्यांच्या बेगम गेल्या, आझाद नगरच्या किल्ल्यातच होते. त्यानंतरचं पत्र वाचा. वरून दिनक्रम तसाच ठेवायचा, वर्तमानपत्र आलं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही धडपड ते लिहितात. बायकोवरचं प्रेम असं कुठे फारसं लिहिलेलं नाही, दिनक्रम लिहिलाय. आणि वाचणारा हलतो.

शेर मराठीत आणताना भाषांतर करून वाक्यात घुसवू नका असं माझं मत. शेर मूळ उर्दूत देवनागरीतून ठेवायचा आणि अर्थ त्याच्या पुढच्या अर्ध्या वाक्यात अलगद येईल असं बघायचं.

शेवंती

किती छान प्रतिसाद, सगळ्यांचे खूप आभार. शेरांचं खरंय हो, आत्ता वही काढून पाहिली. आजोबांचा धाकटा भाऊ लहानपणी गेला त्या पानावर एका ओळीत ती बातमी आहे आणि पुढे लागोपाठ तीन शेर. त्यानंतर एकदम शाळेची फी.

नमुन्याचं वाक्य न तोडता परत करून बघितलं, कसं वाटतंय सांगा:

"त्या दिवसांमध्ये पावसाची अशी स्थिती होती की नदीच्या पलीकडचे लोक आठ आठ दिवस इकडे येऊ शकत नव्हते आणि वडील, जे स्वभावाने कडक परंतु मनाने अत्यंत मृदू होते, ते रोज संध्याकाळी घाटावर जाऊन उभे राहायचे, आवाज द्यायचे, उत्तर आले नाही तर परत यायचे, सारांश अशा प्रकारे तो श्रावण गेला आणि आमच्यावर हे उघड झाले की भीती कशाला म्हणतात."

अर्थ सगळा आलाय पण अजून पाय अडखळतोय.

जुनीवही

शेवंती, अडखळण्याची जागा सांगू का, "वडील, जे स्वभावाने कडक होते, ते". उर्दूत तो "कि" नुसता श्वासासारखा येतो, आपल्याकडे "जे... ते" आलं की शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकाचा वास येतो. मराठीला तिथे जोडायला काहीच लागत नाही, नुसतं मधे ठेवून द्यायचं. "आमच्यावर हे उघड झाले" पण तसंच, आपल्याकडे गोष्ट कळते.

दुसरं क्रियापदांचं. "खडे होते, आवाज देते, लौट आते" यातलं "थे" आजोबांनी गाळलंय. उर्दू आठवणींच्या लिखाणाचा हा सगळ्यात मोठा जीव आहे असं मला वाटतं. एकदा "थे" नं भूतकाळ सांगून झाला की पुढे तो गाळत जायचं, म्हणजे एकदाच घडलेली गोष्ट नाही, रोज घडायची आणि अजून डोळ्यांसमोर चाललीये असं वाटतं. मराठीत त्यासाठी "राहायचे, द्यायचे" आहे ते बोलण्यातलं, पण आपल्याकडे जुना रीतिभूतकाळ आहे की, राहत, मारत, येत. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तो फार शोभतो आणि वाक्यही हलकं होतं.

आणि "सारांश" नको, तो निबंधातला वाटतो. आपल्याकडे या कामाला "असो" आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवा, तोही 1857 चाच, लिहिला 1883 च्या सुमारास आणि छापला 1907 मध्ये. जहीर देहलवी दिल्लीतून आणि आपले वरसईचे भटजी झाशीतून एकच धामधूम बघत होते आणि दोघांची सांगायची रीत किती जवळची आहे. लांब वाक्य, एकात एक प्रसंग, आणि श्वास घ्यायला एखादा ठरलेला शब्द. मोडीतही विरामचिन्हं नव्हतीच, शब्दसुद्धा तोडून लिहायचे नाहीत, त्यामुळे आपल्या जुन्या गद्यालाही हीच सवय होती. सांगायचा मुद्दा, लांब वाक्य मराठीला परकं नाही, आपण आता वर्तमानपत्री मराठीला सरावलोय एवढंच. पण "असो" तुमच्या वाक्यात चालणार नाही हेही आहे, कारण "असो" विषय बंद करतो आणि आजोबांचा "गरज" विषय शेवटाकडे नेतोय. इथे नुसतं "असा" पुरेल. माझा खर्डा:

"त्या दिवसांत पाऊस असा की नदीपल्याडची माणसं आठ-आठ रोज इकडं येऊ शकत नसत, आणि वडील, स्वभावानं कडक पण मनानं फार मऊ, रोज संध्याकाळी घाटावर जाऊन उभे राहत, हाक मारत, उत्तर आलं नाही की परत येत, असा तो सगळा श्रावण गेला आणि भीती म्हणजे काय ते आम्हाला कळलं."

मोठ्यानं वाचून बघ, स्वल्पविरामावर थांबत. मुलीला दम लागतो म्हणालीस ना, तिलाही वाचून दाखव, डोळ्यांनी वाचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

लोकलडायरी

वा! शेवटी "कळलं" वर येऊन थांबतंय हे फार भारी. तोडलं असतं तर "भीती म्हणजे काय ते कळलं" हे वेगळं वाक्य झालं असतं आणि उगाच सुविचारासारखं वाटलं असतं. आता ते त्या सगळ्या संध्याकाळींच्या शेवटी येतं.

एक शंका, शेवटी आम्हाला की मला?

गोदाकाठ

जुनीवही, खर्डा फार उत्तम.

"हम" बद्दल. लखनौकडे स्वतःला "हम" म्हणणं नेहमीचं आहे, त्यात मोठेपणा नसतो, आणि इकडे हैदराबादी बोलण्यातही एकटा माणूस "हम" म्हणताना ऐकू येतो. तेव्हा वहीभर सरसकट "आम्ही" केलं तर मराठीत ते एकतर राजेशाही वाटेल नाहीतर अख्खं घर बोलतंय असं वाटेल. जिथे आजोबा एकटे आहेत, परीक्षा, नोकरी, प्रवास, तिथे "मी" करा बिनधास्त. पण घाटाच्या वाक्यात "आम्हाला"च ठेवा. वडील घाटावर जात होते आणि घरी आई, भावंडं वाट बघत होती, भीती सगळ्यांना एकदमच कळली असणार. असं प्रत्येक "हम" पाशी थांबून ठरवावं लागेल, त्याला शॉर्टकट नाही.

आणि जिथे आजोबांनी स्वतःची चूक सांगितली असेल तिथली रचना जपा. उर्दूत "मुझसे ये खता हुई" असं येतं, "मैंने खता की" असं सहसा नाही. आपल्याकडे "माझ्या हातून चूक झाली" तयारच आहे, ते सोडून "मी चूक केली" करू नका. उलट त्यांनी एखाद्या ठिकाणी मुद्दाम "मैंने किया" लिहिलं असेल, आणि तेही "हम" सोडून "मैं" वापरून, तर तिथे काहीतरी मोठं आहे असं समजा आणि त्या वाक्याला धक्का लावू नका.

तहसीलच्या दिवसांची पानं आली की एखादं इथे टाका ताई, विशेषतः ज्यात चुनांचे आणि मजकूर जास्त असेल असं. 1948 च्या आधीचे महसुली शब्द असतील तर शिक्षकांनी उतरवताना काही वेगळेही वाचले असू शकतील, मूळ पानाचा फोटो असेल तर सोबत जोडा, मी लिपीतून वाचून सांगतो.

शेवंती

नक्की टाकते सर. "मैं" शोधायला बसलेय आत्ता. पहिल्या साठ-सत्तर पानांत एकाच ठिकाणी सापडला, रजाकारांच्या वेळचा प्रसंग आहे. ते पान आईसोबत आधी वाचते आणि मग इथे देते.